ब्रेकशूला टेप गुंडाळून फर्मागुडीचा उतार उतरायचा का?

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

विषय : ‘माफॅक रेसरसाठी’ म्हणून विकलेले चुकीचे ब्रेकशू

आज दुपारी तुमच्या माणसाने मी बोलत असतानाच फोन ठेवला, म्हणून हे लेखी कळवत आहे.

माझी सायकल प्यूजो पीएक्स-10, सत्तरच्या दशकातली, रेनॉल्ड्स 531 या पातळ पोलादी नळ्यांची. मामा बोटीवर नोकरीला होते, त्यांनी ती मार्सेहून आणली. ब्रेक मूळचेच आहेत, माफॅक कंपनीचे ‘रेसर’, सेंटरपुल म्हणजे तारेने मधोमध ओढले जाणारे. ती फ्रेंच कंपनी केव्हाच बंद पडली. त्यामुळे रिमवर दाबले जाणारे ब्रेकशूचे रबर झिजून कडक झाले की तुमच्यासारख्यांकडेच यावे लागते. तुमच्या पाकिटावर ठळक छापले होते : माफॅक रेसरसाठी. आत निघाले आटे पाडलेल्या दांडीचे ब्रेकशू.

माफॅकच्या शूची दांडी गुळगुळीत असते. ब्रेकच्या हाताच्या टोकाला भोक असलेला बोल्ट असतो, त्या भोकात ती सरकवायची, शू रिमजवळ हवा तेवढा आणायचा, ब्रेक किंचाळू नये म्हणून पुढचे टोक जरासे आत वळवायचे आणि मग नट आवळायचा. सगळी पकड त्या दांडीवर. तुमची दांडी भोकात नुसती आट्यांच्या कडांवर टेकते. नट पूर्ण आवळूनही शू माझ्या दोन बोटांनी फिरला. रस्त्यावर जोरात ब्रेक दाबल्यावर तो वर सरकला तर टायर फाडेल, खाली घसरला तर स्पोकमध्ये घुसेल. मी फोंड्याला राहतो. फर्मागुडीचा उतार, भर पाऊस आणि मागून बस, अशा वेळी हे व्हायला हवे आहे का तुम्हाला?

आता आजच्या फोनबद्दल. तुमच्या प्रतिनिधीने आधी सायकलचे मॉडेल वर्ष विचारले. मी सांगितल्यावर म्हणाला, “सर, आमच्या सिस्टीममध्ये 2005 च्या आधीचं वर्षच येत नाही.” मग ‘माफॅक’ची स्पेलिंग विचारली. तुमच्याच पाकिटावरचे नाव मी त्याला एकेक अक्षर सांगत होतो! नंतर म्हणाला, “सर, आटे घासून काढा, बसेल.” मी विचारले, घासून बारीक झालेली दांडी बोल्ट धरणार कशी? त्यावर उत्तर आले, “मग थोडा टेप गुंडाळा ना सर.”

टेप. ब्रेकला.

मी आवाज चढवला हे खरे. कोणीही चढवला असता. तेव्हा तो म्हणाला, “सर, एवढा त्रास घेण्यापेक्षा डिस्क ब्रेकवाली नवीन सायकल घ्या, आपल्याकडे ऑफर चालू आहे.” या सायकलच्या फोर्कला डिस्क बसवायची जागाच नाही, आणि त्या पातळ नळ्यांना वेल्डिंग करायला इथला एकही मेस्त तयार होणार नाही, हे मी सांगत होतो तेवढ्यात फोन बंद. वरिष्ठांशी बोलायचे आहे असे मी सुरुवातीलाच सांगितले होते, ते कोणी ऐकलेच नाही.

पाकीट फोडले म्हणून माल परत घेता येत नाही, असे तुमच्या ईमेलमध्ये आहे. पाकीट पुठ्ठ्याचे, चारी बाजूंनी बंद. न फोडता दांडीला आटे आहेत हे कळणार कसे? आणि पुन्हा सांगतो, ‘माफॅक रेसरसाठी’ हे तुम्हीच छापले आहे, मी नाही.

जुने भाग मिळवून देणारी कंपनी म्हणून तुमचे नाव मी चारचौघांत आदराने घेत आलो. मडगाव-म्हापशाकडच्या जुन्या सायकली जपणाऱ्या मित्रांना तुमचाच पत्ता दिला. त्या सगळ्यांना आजच फोन करून ही पाकिटे वापरू नका असे बजावले आहे.

गुळगुळीत दांडीचे योग्य शू पाठवा किंवा पूर्ण पैसे कुरियरच्या खर्चासह परत करा. आणि आधी तो माल विक्रीतून काढा, कारण दुसरा कोणी तो बसवून घाटात उतरेल. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आले नाही तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे मी राहतो तिथेच दावा लावता येतो, तुमच्या शहरात खेटे घालावे लागत नाहीत. पाकीट, पावती आणि तो फिरणारा शू, तिन्ही जपून ठेवले आहेत.

तुमचा ग्राहक,
फोंडा, गोवा