नाताळचा गोठा घरीच घडू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

डिसेंबर उजाडला की वृत्तपत्रांतून नाताळच्या बाजारपेठेची वर्णने येऊ लागतात. कृत्रिम झाडे कोणत्या बाजारात किती उंचीपर्यंत मिळतात, यंदा कोणत्या रंगाच्या दिव्यांच्या माळांना उठाव आहे, ख्रिस्तजन्माचा देखावा असलेल्या तयार गोठ्यांचे भाव कितीने चढले, ही माहिती अनेकांच्या उपयोगी पडते याबद्दल वाद नाही. परंतु ज्या वसई पट्ट्यातील मराठी बोलणारा ख्रिस्ती समाज पिढ्यान्‌पिढ्या आपल्या अंगणात, घरातल्या आणि शेतातल्या वस्तूंनी नाताळचा गोठा रचत आला, तेथील घरांतही आता ही सजावट विकत आणण्याची किंवा कंत्राटाने करून घेण्याची गोष्ट होऊ लागली आहे. याला बाजारापेक्षाही आमच्याकडील गोठा-स्पर्धांचे निकष अधिक जबाबदार आहेत, असे माझे स्पष्ट मत असून त्याविषयी हे पत्र लिहीत आहे.

ख्रिस्तजन्माच्या देखाव्याची प्रथा ज्या प्रसंगाशी जोडली जाते, तो प्रसंगच मुळी गावाने मिळून केलेल्या मांडणीचा आहे. असिसीच्या संत फ्रान्सिस यांनी १२२३ साली इटलीतील ग्रेच्चो या डोंगराळ गावी नाताळच्या रात्री गवताने भरलेली गव्हाण मांडली आणि तिच्यापाशी खराखुरा बैल व गाढव उभे केले. गवत आणि जनावरे त्याच परिसरातील एका गृहस्थाने पुरवली होती. जे हाताशी होते त्यातूनच ख्रिस्ताचे जन्मगाव बेथलेहेम उभे राहिले आणि आजूबाजूचे लोक मशाली, मेणबत्त्या घेऊन ते पाहायला आले. या घटनेला २०२३ मध्ये ८०० वर्षे पूर्ण झाली.

आमच्या भागात हाताशी काय असते, याचा विचार केला तर डिसेंबर हा गोठ्यासाठी जणू मुद्दाम नेमून दिलेला महिना वाटतो. भाताची झोडणी नुकतीच उरकलेली असल्याने पेंढा ताजा, सोनेरी आणि मुबलक असतो. केळीच्या वाड्यांत वाळलेली पाने लोंबत असतात, त्यांचे छप्पर शाकारता येते. नारळाची सोडणे, करवंट्या आणि झावळ्या कोणत्याही परसात मिळतात. जुन्या वर्तमानपत्रांचे चुरगळलेले कागद खळीत बुडवून, सुतळीने आवळून वाळवले आणि त्यांवर गेरू व कोळशाची पूड फासली की उत्तम डोंगर तयार होतो. आमच्या घरी या डोंगराला मुले वसईजवळच्या डोंगरावरून तुंगारेश्वर म्हणतात आणि त्याच्या पायथ्याशी आरशाचा तुकडा ठेवून, कडेला वाळू पसरून जे तळे करतात त्याला बावखल, म्हणजे आमच्याकडील वाड्यांतले गोड्या पाण्याचे तळे, म्हणतात. बेथलेहेमच्या आसपास बावखल नसावे हे त्यांनाही ठाऊक आहे, पण ख्रिस्त आपल्या गावात जन्मला असता तर त्याच्या गोठ्याजवळ काय असते, या प्रश्नाचे त्यांनी स्वतः शोधलेले हे उत्तर आहे आणि बाजारातील कोणताही तयार देखावा ते देऊ शकत नाही.

गोठ्याभोवतीच्या हिरव्या शेताबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण कुटुंबातील सर्वांत लहान मुलालाही हे काम पूर्णपणे सोपवता येते. पसरट ताटात दोन बोटे मातीचा थर द्यायचा, रात्रभर भिजवलेले गहू त्यावर दाट पेरायचे, वरून भुरभुर माती टाकून ओले फडके झाकायचे आणि कोंब दिसू लागेपर्यंत ताट सावलीत ठेवायचे. त्यानंतर सकाळचे कोवळे ऊन दाखवावे व पाणी शिंपडावे, ओतू नये. आठ-दहा दिवसांत चार-पाच इंचांची दाट, पोपटी रोपे उभी राहतात. पेरणी लवकर केली तर नाताळापर्यंत ती पिवळी पडून आडवी होतात आणि उशीर झाला तर शेत उघडेबोडके राहते, म्हणून साधारण चौदा-पंधरा डिसेंबर ही तारीख योग्य ठरते. घटस्थापनेला धान्य पेरणाऱ्या किंवा दिवाळीच्या किल्ल्यावर अळीव आणि मोहरी पेरणाऱ्या वाचकांना यात काही शिकवावे लागणार नाही. आमच्या आळीत तर ज्या शेजाऱ्यांच्या मुलांनी दिवाळीत किल्ला केलेला असतो, तीच मुले आमच्या गोठ्याला माती आणून देतात आणि पाणी घालण्याच्या पाळ्यांवरून आमच्या नातवंडांशी भांडतात.

नाताळात दारावर टांगायच्या कागदी चांदणीचेही तसेच आहे. समान लांबीच्या दहा कामट्या आणि चार-पाच इंचांच्या पाच काड्या एवढ्यातच दोन फुटी चांदणी उभी राहते. बुरुडाकडून कामट्या घेताना पेर कुठे येते ते पाहून घ्यावे, कारण पेरापाशी कामटी हटकून मोडते. पाच कामट्या एकीवरून, दुसरीखालून अशा गुंफून एक सपाट चांदणी करायची, तशीच दुसरी करायची, दोन्ही एकमेकींवर ठेवून पाचही टोके दोऱ्याने घट्ट बांधायची आणि मग आतल्या पाच कोपऱ्यांत त्या आखूड काड्या दोन्ही चांदण्यांमध्ये उभ्या रोवायच्या. शेवटची काडी बसताना सांगाडा कुरकुरतो, ताणला जातो आणि एकदम फुगून ताठ होतो. त्या क्षणी भोवती बसलेली मुले ओरडल्याशिवाय राहत नाहीत. पतंगाचा कागद चिकटवण्यासाठी मैद्याची खळ पुरते. जुनी माणसे तिला झुरळे लागू नयेत म्हणून चिमूटभर मोरचूद घालत, पण तो विषारी असल्याने मुलांच्या हाती खळ द्यायची असेल तर तो टाळलेलाच बरा. पूर्वी आतल्या बल्बच्या उष्णतेने कागद करपण्याची धास्ती असे. एलईडीच्या दिव्याने ती बरीच कमी केली आहे, तेव्हा बाजाराचे सगळेच वाईट असे माझे म्हणणे नाही.

त्याचप्रमाणे घरगुती तेवढे सगळे चांगले, असेही नाही. किनाऱ्यावरच्या सुरूच्या बनातून फांदी तोडून आणून तिचाच ख्रिस्तवृक्ष करण्याची पद्धत आमच्याकडे होती. वाळू धरून ठेवण्यासाठी आणि वारा अडवण्यासाठी लावलेल्या त्या झाडांवर सणासाठी कोयता चालवणे आता कोणालाही शोभत नाही. वाऱ्याने पडलेली फांदी मिळाली तर ठीक, नाहीतर अंगणातल्या कुंडीतील झाडालाच करवंटीच्या घंटा आणि चॉकलेटच्या चांदीच्या कागदाच्या चांदण्या बांधाव्यात.

आता मूळ मुद्दा. नाताळापूर्वीचे चार रविवार आगमनकाळाचे असतात. हा वाट पाहण्याचा काळ आहे, आणि घरात गोठ्याचे काम चालू असले की वाट पाहणे म्हणजे काय हे मुलांना वेगळे सांगावे लागत नाही. पहिल्या रविवारी माळ्यावरून मूर्तींची पेटी निघते, त्यानंतर चांदणी, डोंगर, पेरणी, छप्पर अशी कामे क्रमाने होतात आणि गव्हाण मात्र चोवीस तारखेच्या मध्यरात्रीच्या मिस्सापर्यंत, म्हणजे चर्चमधील उपासनेपर्यंत, रिकामीच राहते. बाळ येशूच्या दर्शनाला भेटवस्तू घेऊन येणारे तिन्ही राजे गोठ्यापासून दूर, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलेले असतात आणि सहा जानेवारीच्या सणापर्यंत रोज थोडे पुढे सरकतात. आमच्या पेटीतील एका राजाचा हात मनगटापासून तुटला आहे आणि त्याची भेटवस्तू सुतळीने छातीशी बांधून ठेवावी लागते. नवा संच आणू, असे घरातील मोठ्यांनी म्हटले की मुलेच विरोध करतात. या कामाच्या ओघात मुले प्रश्न विचारतात. बैल आणि गाढव बायबलच्या शुभवर्तमानातील जन्मकथेत कुठेच नाहीत, मग गोठ्यात कसे आले, असे नातवाने विचारले तेव्हा बायबलमधीलच यशया संदेष्ट्याच्या ग्रंथातील पहिल्याच अध्यायात, आपल्या धन्याला ओळखणाऱ्या बैलाचा आणि गाढवाचा उल्लेख आहे, तो मला त्याला काढून दाखवता आला. तयार गोठा बावीस तारखेला टेम्पोतून उतरतो आणि तासाभरात वायर जोडून चालू होतो. तेव्हा असे प्रश्न विचारायला कोणाला सवडच उरत नाही.

सवड हीच आजची अडचण आहे, असे अनेक जण म्हणतील आणि ते खरे आहे. सकाळची लोकल पकडून रात्री घरी परतणाऱ्या आईवडिलांना अंगणभर देखावा जमणार नाही, आणि विरार-नालासोपाऱ्याच्या सदनिकांत तर अंगणच नाही. परंतु बुटांच्या खोक्यात मावणारा गोठाही गोठाच असतो आणि चार रविवारांचे दोन-दोन तास त्याला पुरतात. खरी अडचण ही की अशा गोठ्याला स्पर्धेत कोणी विचारत नाही. आमच्या परिसरातील एका स्पर्धेत, सजावटकाराकडून भाड्याने आणून उभा केलेला, कारंजी आणि फिरत्या दिव्यांचा देखावा पहिला आला आणि पेंढ्याचे छप्पर शाकारणाऱ्या घरांचा साधा उल्लेखही झाला नाही. त्यानंतर त्या आळीतील दोन घरांनी गोठा करणे सोडले. परीक्षकांचा हेतू वाईट नव्हता. त्यांच्या गुणपत्रिकेत भव्यता आणि रोषणाई यांना रकाने होते, श्रमाला नव्हता, एवढेच.

त्यातही थर्मोकोलचा वापर हा केवळ आवडीनिवडीचा प्रश्न राहिलेला नाही. राज्य शासनाने २०१८ च्या प्लास्टिकबंदीत थर्मोकोलच्या सजावटीचा समावेश केला आणि १ जुलै २०२२ पासून सजावटीचे थर्मोकोल देशभर बंद झाले. गणेशोत्सवात या नियमाची चर्चा होते, कारवाईही होते; नाताळात मात्र थर्मोकोलच्या गुहा आणि कापूस-थर्मोकोलचा बर्फ सर्रास दिसतो. मुळात वसईच्या गोठ्यावर बर्फ कशासाठी, हा प्रश्न मला दरवर्षी पडतो, पण तो बाजूला ठेवू.

स्पर्धा भरवणाऱ्या धर्मग्रामांना (चर्चच्या स्थानिक विभागांना), युवक संघटनांना आणि मंडळांना आपल्या पत्राद्वारे माझी विनंती आहे की भाड्याने आणलेल्या देखाव्यांचा गट वेगळा करावा, थर्मोकोल असलेला गोठा स्पर्धेत घेऊ नये, सदनिकांतील छोट्या गोठ्यांसाठी स्वतंत्र बक्षीस ठेवावे, आणि परीक्षकांनी गोठ्यासमोर उभे राहून घरातल्या सर्वांत लहान मुलाला, हा डोंगर कशाचा केला, हे तळे कोणी केले, असे विचारावे. कोणाच्या हातांनी काम झाले ते दोन मिनिटांत कळेल. आपल्या दैनिकानेही पंचवीस तारखेला झगमगत्या देखाव्यांची छायाचित्रे छापण्याबरोबरच आगमनकाळातील एखाद्या रविवारच्या पुरवणीत, घराच्या ओसरीवर चाललेल्या या कामाला जागा द्यावी. स्पर्धांचे हे नियम नोव्हेंबर संपण्यापूर्वी जाहीर झाले तर बरे, कारण एकदा सजावटकाराला आगाऊ रक्कम दिली गेली की घरात पुढे कोणी खळ शिजवत नाही.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका, वसई