रिकॉलचं पत्र पुण्यालाच राहिलं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या वर्षी आम्ही जुनी गाडी घेतली. एमएच-१२ पासिंग, कागदपत्रं स्वच्छ. परभणीत आणून नावावर केली आणि लगेच दोन वर्षांच्या लेकीसाठी चाइल्ड सीट आणली. सासूबाईंना ते पटलं नव्हतं. "लेकराला कशाला बांधून ठेवतीस, दे इकडं मांडीवर," असं त्या दर वेळी म्हणायच्या. पण माझं माहेर अंबाजोगाईचं. गंगाखेड, परळी करत शंभरेक किलोमीटर जायचं, त्यात उसाच्या ट्रॉल्या. करकचून ब्रेक लागला तर मांडीवरचं लेकरू कुणाच्याच हातात राहत नाही, हे मी त्यांना समजावत राहिले.

आमच्या गाडीत आयसोफिक्सच्या, म्हणजे चाइल्ड सीट थेट गाडीला अडकवायच्या कड्या नाहीत, त्यामुळे सीट गाडीच्या बेल्टनेच आवळावी लागते. बेल्ट 'टक' आवाज करून बकलमध्ये बसायचा आणि मी निश्चिंत व्हायचे. एकदा गंगाखेडला थांबलो असताना सीट घट्ट आहे का पाहावं म्हणून ती बुडाशी धरून हलवली. दोन-अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त हलता कामा नये. हिसक्यासरशी बेल्ट बकलमधून सुटून माझ्या हातात आला. लेक सीटमध्येच झोपलेली होती. पुढचा रस्ता आम्ही कसा पार केला, ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या वर्कशॉपमध्ये काउंटरवरच्या मुलाने चेसिस नंबर टाकला आणि म्हणाला, "मॅडम, या गाडीवर रिकॉल बाकी आहे." रिकॉल म्हणजे दोष निघालेली गाडी कंपनीने परत बोलावून फुकट दुरुस्त करून देणं. मागच्या बकलमधला दोष कंपनीला दोन वर्षांपूर्वीच कळला होता. ते फुकट बदलून मिळेल असं पत्रही तिने पाठवलं होतं, पण पुण्याच्या पहिल्या मालकाला. बकल तासाभरात बदललं, एक रुपयाही लागला नाही. मग गाडी विकताना हे आम्हाला कुणी सांगायचं होतं?

असा दोष नव्या गाडीतही निघतो. २०१८ मध्ये युरोपातल्या नव्या फोक्सवॅगन पोलोत मागे तिघे बसले असताना डावीकडचा बेल्ट सुटू शकतो, हे फिनलंडच्या एका मोटार मासिकाला चाचणीत आढळलं. कंपनीला त्या गाड्या परत बोलवाव्या लागल्या. पण नव्या गाडीचा मालक कंपनीला माहीत असतो. आमच्या गल्लीत सहा गाड्या आहेत, त्यातल्या पाच पुण्या-मुंबईहून जुन्या आणलेल्या. त्यांचे मालक कंपनीला कुठून माहीत असणार?

२०१९ च्या मोटार वाहन सुधारणा कायद्यानुसार १४ वर्षांखालचं मूल बेल्ट किंवा चाइल्ड सीटविना नेलं तर एक हजार रुपये दंड आहे. तो मला मान्यच आहे. त्याच कायद्यात रिकॉलचंही कलम आहे आणि १ एप्रिल २०२१ पासून त्याचे नियम लागू आहेत. कंपनीला एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. मात्र सात वर्षांपेक्षा जुन्या गाडीला सक्तीचा, म्हणजे सरकारच्या आदेशाने होणारा रिकॉल लागू नाही, आणि आपल्याकडे येतात त्यातल्या कितीतरी गाड्या त्याहून जुन्याच असतात.

माझी परिवहन विभागाला एकच विनंती आहे. गाडी नावावर करताना फॉर्म २९ आणि ३० वर चेसिस नंबर लिहावाच लागतो. तो कंपन्यांच्या रिकॉल यादीशी तिथेच ताडून पाहावा आणि काम बाकी असेल तर नव्या मालकाला लेखी कळवावं. जुन्या गाड्या विकणाऱ्यांवरही हे बंधन घालावं.

तोवर वाचकांनी आरसीवरचा चेसिस नंबर घेऊन कंपनीच्या वर्कशॉपमध्ये विचारावं, एवढं आपण जिल्हा पानावर छापावं. गल्लीतल्या दोघांचे नंबर मी विचारून आले आहे. उरलेल्यांचे सोमवारी विचारणार आहे.

आपली,
एक वाचक, परभणी