कांचनाला कात्री लावायचं थांबवणाऱ्या माळीकाकांना

माळीकाका,

सप्रेम नमस्कार.

दारातला रक्तकांचन यंदा खालच्या फांदीपासून शेंड्यापर्यंत फुलला. येणारा-जाणारा झाडाचं कौतुक करतो आणि मला दर वेळी तुमची आठवण होते. तुम्ही सांगितलेलं इतरांच्याही झाडांच्या उपयोगी पडावं, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे.

गेल्या वर्षी थंडीत पानं झडून झाड उघडंबोडकं झालं, तेव्हा ‘आत्ताच छाटून घ्या’ असं जो तो सांगत होता. तुम्ही मात्र एक फांदी खाली ओढून माझ्या हातात दिलीत. त्याआधीच्या पावसाळ्यात वाढलेली, वरून अगदी वाळकी वाटावी अशी काडी. पान गळून गेलेल्या खुणेच्या वर, नखाएवढीसुद्धा नाही अशी कळी टरारून आलेली. ‘ताई, यंदाचं फूल या काडीत आहे. ही आत्ता कापली तर झाड मरणार नाही, पण फुलणारही नाही.’ एवढं बोलून तुम्ही करवत पिशवीत ठेवलीत. त्या दिवसाची मजुरी सोडून तुम्ही परत गेलात, हे मी विसरलेले नाही.

छाटणी कधी करायची याचं उत्तर महिन्यात नसतं, झाड कुठल्या फांदीवर फुलतं त्यात असतं, हे तेव्हा मला उमगलं. कांचनासारखी झाडं आदल्या हंगामातल्या जुन्या काडीवर फुलतात. त्यांचा बहर ओसरला, की शेंगा धरायच्या आत हात घालायचा, म्हणजे पुढच्या बहराची काडी तयार व्हायला त्यांना पुरेसा वेळ मिळतो. तामणाचे तुरे नव्या फुटीच्या टोकाला येतात, तेव्हा त्याची छाटणी थंडी सरताना, पालवी फुटण्याआधी. वाळलेली किंवा मोडून लोंबणारी फांदी मात्र दिसेल तेव्हा काढायची, तिला मुहूर्त नाही.

बहर संपल्यावर तुम्ही आपणहून आलात. आधी झाडाभोवती सावकाश फेरी मारलीत, कुठे घरटं नाही ना ते पाहिलंत, सिकेटरची, म्हणजे छाटणीच्या कात्रीची, पाती स्पिरिटने पुसलीत. एकमेकींवर घासणाऱ्या दोन फांद्यांपैकी आत वळलेली काढलीत, बुंध्यातून आलेले फुटवे काढलेत. खिडकीकडे गेलेली मनगटाएवढी फांदी कापताना मी शेजारीच उभी होते. खोडापासून हातभर अंतरावर आधी खालून खाच, मग तिच्या जरा पुढे वरून काप. फांदी अलगद तुटून खाली आली, सालीची चिरफळी खोडापर्यंत गेली नाही. मग उरलेल्या खुंटाच्या बुडाशी माझं बोट फिरवून घेतलंत. तिथे साल किंचित फुगून सुरकुतल्यासारखी झालेली असते. शेवटचा काप त्या फुगवट्याच्या लगेच बाहेर. फुगवटा कापायचा नाही आणि बाहेर खुंटही ठेवायचा नाही. आज त्या जागी कडेने नवी साल गोल चढते आहे.

कापावर काही फासू नका म्हणालात, तेव्हा घरात सगळ्यांनाच नवल वाटलं होतं. नंतर मी वाचलं. अ‍ॅलेक्स शायगो या अमेरिकी वनशास्त्रज्ञांनी हजारो झाडं उभी चिरून पाहिली होती. झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही. झाड त्या जागेला आतून बंदिस्त करतं आणि वरून नवं लाकूड चढवतं. त्यासाठी लागणारी बरीचशी तयारी त्या फुगवट्यात असते. रंग फासल्याने त्याला मदत होत नाही. तुम्ही हे हातांनी शिकलात आणि तेच बरोबर निघालं, याचा मला फार आनंद झाला.

आणखी एका गोष्टीसाठी आभार मानायचे आहेत. शेंडा सपाट करून झाड ‘आटोपशीर’ करून द्या, असा आग्रह झाला तेव्हा तुम्ही स्पष्ट नाही म्हणालात. शेंडा मारला की खालून पाणसोट, म्हणजे भराभर वाढणारे सरळसोट फुटवे, उठतात, त्यांचा सांधा कच्चा असतो आणि वाऱ्यात तेच आधी मोडतात, हे तुम्ही प्रत्येकाला न कंटाळता समजावलंत. एका हंगामात पाव भागापेक्षा जास्त पालवी काढायची नाही, हा तुमचा नियम मी आता शेजारच्यांना सांगते. शेंडे मारलेली झाडं रस्तोरस्ती दिसतात आणि दर वेळी जीव तुटतो. पैसे देणारा माणूस समोर असताना नाही म्हणणं सोपं नसतं, काका.

मधल्या बेचक्यातल्या दोन सारख्या जाड फांद्यांपैकी कोणती ठेवायची, ते यंदा ठरवू म्हणाला होतात. त्यांच्यामध्ये साल आत दबलेली दिसते आहे. फुलं आता उतरणीला लागली आहेत. सवडीने या, मी शिडी काढून ठेवते.

तुमची,
रक्तकांचनाच्या घरातली ताई