नऊ मिस्ड कॉल

ती. आई-बाबा,
सा. न.

बाबांच्या डोळ्यावरची पट्टी निघाल्याचं काल फोनवर कळलं. तरी पत्र लिहितेय, कारण फोनवर आई लगेच "बरं, ठेवते" म्हणते आणि माझं बोलायचं राहूनच जातं.

आई, बुधवारी तुझे नऊ मिस्ड कॉल होते. ताडोबात कोअरमध्ये, म्हणजे आतल्या जंगलात, मोबाईल नेऊ देत नाहीत, सगळ्यांचे बाहेरच ठेवलेले. ऑपरेशनची तारीख कळली तेव्हा मुलांची सफारी हलवता येईना. परमिट एकेका मुलाच्या नावावर, ओळखपत्रासकट. एका जिप्सीत सहाच जण, अशा तीन जिप्सी. मंगळवारी जंगल बंद, म्हणून बुधवार. हे सगळं खरं आहे. पण दुसऱ्या मॅडम माझ्याऐवजी जायला तयार होत्या, हेही खरं. गेले मीच. हे तुम्हाला माझ्याकडूनच कळलेलं बरं.

पहाटे चारला मुलींना उठवलं, बाबा, तुमच्यासारखंच पायाचा अंगठा ओढून. माझ्या सहलीच्या दिवशी तुम्ही असंच उठवायचात आणि तोवर बंबात पाणी कढत झालेलं असायचं. उघड्या जिप्सीत थंडी मी म्हणत होती. आईच्या जुन्या शालीत तीन पोरी मावल्या. (हो, मी कानटोपी घातली होती. स्वेटरही, दोन.)

ताडोबा राज्यातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान, 1955 चं. म्हणजे बाबा, तुमच्याच वयाचं, पण कुरकुर कमी.

मोहर्ली गेटमधून आत गेल्यावर धुळीत टायरची नक्षी होती आणि तिच्यावर पंजा. गाईड म्हणाला, "गाडी गेल्यावर गेलाय." तेवढ्यात सांबर ओरडलं, एकदाच. आमच्या जिप्सीतली पोरं कधी नव्हे ती गप्प. पाऊण तास थांबलो. वाघ काही आला नाही.

बफरमधल्या, म्हणजे जंगलाच्या कडेच्या पट्ट्यातल्या, गावची एक मुलगी माझ्याशेजारी होती. तिची आई उन्हाळ्यात मोहफुलं वेचायला जाते. ती हळूच म्हणाली, "मॅडम, आमच्या गावात फुकट दिसते, इथं पैसे देऊनबी नाही." सगळे हसले, ती नाही हसली. तिच्या वडिलांनी "मॅडम स्वतः असतील तरच" म्हणून पाठवलं होतं तिला. मी आले नसते तर तीही आली नसती. आता तरी रागावू नका ना.

बाबा, डोळा चोळायचा नाही. बादली उचलायची नाही, डोक्यावरून अंघोळ नाही, आणि काळा चष्मा घरातसुद्धा. थेंब घड्याळ लावून. "आता बरं वाटतंय" ही सबब चालणार नाही. आई, तू वेळेवर जेव. त्यांचं आटपेपर्यंत ताटकळत बसू नकोस. दवाखान्यात तू एकटी बाकावर बसली होतीस, हे मावशीने सांगितलं. तू नाही सांगितलंस.

शनिवारी रात्रीच्या गाडीने निघतेय, आठ दिवस रजा टाकली आहे. एका मुलाच्या कॅमेऱ्यात तो पंजा आलाय, मोठा छापून आणते. बाबा, नव्या डोळ्याने बघून बोटं किती ते सांगायचं. अंदाजाने नाही, मोजून.

तुमची,
छकुली