पुळणीवरच्या एका प्रश्नाचे उत्तर

मेलबर्न,
१६ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,
कृतानेक साष्टांग नमस्कार.

आम्ही सर्व येथे सुखरूप आहोत. मुलांच्या शाळा सुरू झाल्या, उन्हाळा अजून सरलेला नाही आणि आईने दिलेली आमसुले पुरवून पुरवून वापरते आहे.

बाबा, डिसेंबरात गुहागरला आले असताना तुम्ही मला पुळणीवर एक प्रश्न विचारला होता आणि त्याचे उत्तर देण्याचे राहून गेले. सुरूच्या बनासमोर घाटावरून आलेली पाच-सहा मुले पाण्यात उतरत होती. दोन्ही बाजूंना लाटा फुटत होत्या आणि मधल्या पट्ट्यात पाणी शांत, काळसर दिसत होते, म्हणून त्यांनी नेमकी तीच जागा निवडली होती. मी धावत जाऊन त्यांना तेथून बाहेर काढले आणि लाटा फुटतात त्या बाजूला जायला सांगितले. मुले हसली, पण गेली. तेव्हा तुम्ही विचारलेत, “तिथे ओढ आहे हे तुला कसं कळलं? तुला तर आम्ही कधी गुडघ्याच्या वर पाण्यात जाऊ दिलं नाही.” या प्रश्नात थोडा अभिमान होता आणि थोडी काळजीही होती, असे मला वाटले. त्याचे उत्तर एका वाक्यात मावणारे नाही, कारण ते मला इथल्या चार-पाच किनाऱ्यांवर मिळून सापडले आहे. म्हणून आज निवांत लिहायला बसले आहे.

आम्ही २०१२ साली येथे आलो तेव्हा पहिल्याच रविवारी समुद्र बघायला गेलो होतो. मेलबर्न हे पोर्ट फिलिप नावाच्या एका प्रचंड उपसागराच्या काठी वसलेले शहर आहे. या उपसागराचे तोंड इतके अरुंद आहे की बाहेरच्या महासागराची भरती-ओहोटी आत शिरेपर्यंत तिचा जोर सरतो आणि पाणी जेमतेम हातभर चढते-उतरते. गुहागरला ओहोटीच्या वेळी समुद्र दूर सरकून ओली, आरशासारखी वाळू उघडी पडते. ते पाहत वाढलेल्या मला हे पाणी तळ्यासारखे वाटले आणि त्या दिवशी मी फार हिरमुसून परतले. मात्र त्याच काठावर ब्रायटन येथे लाकडी खोल्यांची एक रांग आहे, ती मला पुढे फार आवडू लागली. नव्वदच्या वर खोल्या आहेत, प्रत्येकीचा रंग वेगळा, कुणावर पट्टे तर कुणावर चित्रे. आत ना वीज, ना नळाचे पाणी. स्नानाला येणाऱ्या लोकांनी कपडे बदलण्यासाठी एके काळी त्या बांधल्या आणि पुढच्या पिढ्यांनी तशाच जपल्या. किनारा पश्चिमेला तोंड करून असल्यामुळे सूर्य पाण्यातच मावळतो, आणि जानेवारीत तो मावळायला पावणेनऊ वाजतात. पहिल्या वर्षी मी तेथे बसून तुम्हाला फोन करीत असे. आई, तू दर वेळी विचारायचीस की मागे आवाज कसला येतो आहे. तो या खोल्यांपुढच्या वाळूवर येणाऱ्या लहान लाटांचा होता.

महासागराची पहिली ओळख झाली ती ग्रेट ओशन रोडवर. हा रस्ता पहिल्या महायुद्धातून परत आलेल्या सैनिकांनी आपल्या मृत सोबत्यांच्या स्मरणार्थ बांधला. १९१९ मध्ये काम सुरू झाले आणि १९३२ मध्ये संपले. कुदळ-फावड्याने कडे फोडून केलेल्या त्या वळणांवरून जाताना एका बाजूला डोंगर आणि एका बाजूला खाली समुद्र असतो. लोक तेथे मुख्यतः ‘ट्वेल्व्ह अपॉसल्स’ हे चुनखडीचे सुळके पाहायला जातात, आणि ते भव्य आहेतच. लाटांनी त्यांतला एक २००५ मध्ये खाली आणला, हेही तेथे गेल्यावर सहज समजते. परंतु मला थांबवून ठेवले ते तेथून थोड्याच अंतरावर असलेल्या एका घळीने.

तिचे नाव लॉक आर्ड. दोन्ही बाजूंना उभे पिवळट कडे, त्यांच्या मधून आत येणारा समुद्राचा चिंचोळा फाटा आणि टोकाला लहानशी वाळू. १ जून १८७८ रोजी इंग्लंडहून निघालेले लॉक आर्ड नावाचे शिडाचे जहाज मेलबर्नला पोहोचण्याच्या बेतात असताना धुक्यामुळे या किनाऱ्यावरच्या खडकांवर आपटून फुटले. जहाजावर चौपन्न माणसे होती. त्यांतली दोनच वाचली. टॉम पिअर्स हा अठरा वर्षांचा उमेदवार खलाशी उलट्या झालेल्या होडीला धरून या घळीत वाहत आला आणि वाळूवर पोहोचला. तेवढ्यात त्याला पाण्यातून हाक ऐकू आली. इव्हा कारमायकेल नावाची त्याच्याच वयाची आयरिश मुलगी मोडक्या लाकडाला धरून तरंगत होती. टॉम पुन्हा पाण्यात शिरला आणि तिला ओढून बाहेर घेऊन आला. तिला एका गुहेत ठेवून तो कडा चढून मदत शोधायला गेला. इव्हाचे आई-वडील आणि भावंडे त्याच जहाजावर होती, त्यांतले कोणीही वाचले नाही. पुढे साऱ्या देशाला वाटत होते की या दोघांनी लग्न करावे, पण इव्हा काही महिन्यांनी आयर्लंडला परत गेली. याच जहाजातून मेलबर्नच्या प्रदर्शनासाठी एक मोठा चिनी मातीचा मोर पाठवलेला होता. तो आपल्या पेटीसह तरंगत किनाऱ्याला लागला आणि आज वॉर्नम्बूलच्या संग्रहालयात उभा आहे.

मी त्या वाळूवर उभी राहून घळीच्या तोंडाकडे पाहत होते. लाट आत येताना दिसत होती, पण ती परत कोठून जाते हे मला दिसत नव्हते. आयुष्याची पहिली चोवीस वर्षे मी समुद्रापासून हाकेच्या अंतरावर काढली, आपल्या आगरातल्या नारळांच्या झावळ्यांतून त्याची गाज ऐकत झोपले, आणि तरी पाणी येते कसे व जाते कसे हे मला वाचता येत नव्हते. समुद्र हा नारळी पौर्णिमेला नमस्कार करण्याचा आणि संध्याकाळी दुरून पाहण्याचा, एवढेच मुलींच्या वाट्याला आले होते. मी हे तक्रार म्हणून लिहीत नाही. तुम्ही जे भय बाळगलेत ते उगाच नव्हते, हे दर उन्हाळ्यात कोकणात बुडणाऱ्या पर्यटकांच्या बातम्या वाचताना मला आजही पटते.

समुद्र वाचायला मला शिकवले ते टॉर्कीच्या किनाऱ्याने, आणि खरे तर माझ्या धाकटीने. टॉर्की आमच्यापासून सुमारे शंभर किलोमीटरवर आहे. ती सहा वर्षांची असताना आम्ही तिला तेथे ‘निपर्स’मध्ये घातले. उन्हाळ्यातल्या रविवारी सकाळी जीवरक्षकांच्या मंडळाकडून लहान मुलांना समुद्राचे शिक्षण दिले जाते, त्याला येथे निपर्स म्हणतात. हे जीवरक्षक बहुतेक स्वयंसेवक असतात. त्यांत शिक्षिका असतात, सुतार असतात, कॉलेजातली मुलेही असतात. मुले आधी वाळूत धावतात. त्यांच्या एका खेळात सगळी मुले पालथी झोपतात, शिट्टी झाली की उठून, वळून धावतात आणि वाळूत खोचलेल्या काठ्या पकडतात. काठ्या मुलांपेक्षा कमी असतात. आपली संगीतखुर्चीच ती, फक्त गाण्याऐवजी लाटांचा आवाज. मग पाण्याची पाळी येते, आणि पाण्यात जाण्याआधी दर वेळी एकच प्रश्न विचारला जातो: आज ओढ कुठे आहे?

पहिल्या दिवशी सहा-सात वर्षांच्या मुलांनी समुद्राकडे पाहून एकमुखाने बोट दाखवले आणि मी चकित झाले. त्यांनी दाखवलेली जागा मला सर्वांत सुरक्षित वाटली होती. मग त्यांच्या शिक्षिकेने ओल्या वाळूवर काठीने रेघा काढून मला समजावले. लाटा पाणी सतत किनाऱ्याकडे लोटत असतात. ते पाणी कोठून तरी परत जायला हवे असते. पाण्याखालच्या वाळूच्या बांधात जेथे खोलगट वाट पडलेली असते तेथून ते जोराने माघारी जाते. खोल पाण्यावर लाट फुटत नाही, म्हणून तो पट्टा शांत आणि गडद दिसतो, कधी त्यातून गढूळ वाळू आणि फेस समुद्राकडे जाताना दिसतो. ही ओढ माणसाला खाली खेचत नाही, ती दूर नेते. माणूस बुडतो तो तिच्याशी झुंजत किनाऱ्याकडे पोहताना दमून गेल्यामुळे. त्यात सापडल्यास घाबरून न जाता तरंगत राहावे, हात वर करावा, आणि बळ असल्यास किनाऱ्याला समांतर, लाटा फुटतात त्या दिशेने सरकावे. सर्वांत चांगले म्हणजे दोन लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मध्येच पाण्यात उतरावे, कारण ती जागा जीवरक्षकांनी सकाळी पाणी पाहून ठरवलेली असते, आणि पाणी बदलले की ते झेंडेही हलवतात.

बाबा, हे सगळे ऐकताना मला तुमचा आवाज ऐकू येत होता. “तिथे नको, तिथे ओढ आहे,” असे तुम्ही किती वेळा म्हणालात. तुम्हाला ती जागा दिसत होती, आपल्याकडच्या मासेमारी करणाऱ्या खारवी मंडळींना तर ती डोळे मिटूनही सांगता येईल. आम्हाला मात्र फक्त ‘नको’ तेवढे कळत गेले आणि ‘तिथे’ का, हे कधी कोणी वाळूवर काढून दाखवले नाही. त्यानंतरच्या हिवाळ्यात, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, मी तरणतलावावर नाव घातले. पहिले दोन महिने फक्त तोंड पाण्यात घालून श्वास सोडायला शिकण्यात गेले. आज मी धाकटीबरोबर झेंड्यांच्या मध्ये छातीभर पाण्यात उभी राहते. हे तुम्हाला फोनवर कधी सांगितले नाही, कारण आई रात्रभर जागी राहिली असती.

मुलांना मात्र सर्वांत प्रिय आहे तो फिलिप बेटावरचा समरलँड किनारा, आणि तेथे पाण्यात पाऊलही टाकायचे नसते. सूर्य मावळल्यावर जगातले सर्वांत लहान पेंग्विन, जेमतेम फूटभर उंचीचे, दिवसभर मासे मारून तेथे घरी परततात. फेसातून आठ-दहा जणांचा घोळका वर येतो, पाण्याच्या कडेला घुटमळतो, एखादा दचकला की सगळे मागे पळतात आणि पुढच्या लाटेबरोबर पुन्हा येतात. शेवटी धीर करून वाळू ओलांडतात आणि गवतातल्या आपल्या बिळांकडे जातात. छायाचित्र काढायला बंदी आहे, त्यामुळे शेकडो माणसे नुसती गप्प बसून बघतात. त्या टेकाडांवर पूर्वी घरांची वसाहत होती. पेंग्विनांची जागा जात आहे असे दिसल्यावर १९८५ पासून सरकारने एकेक घर विकत घेतले आणि २०१० पर्यंत ती सगळी वसाहत उठवली. मला हे वाचून वेळासची आठवण झाली. दाभोळच्या फेरीबोटीतून पलीकडे जाऊन तुम्ही मुलांना भल्या पहाटे जी कासवाची पिल्ले दाखवलीत, ती थोरला अजून विसरलेला नाही. ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने २००२ मध्ये तेथे काम सुरू केले आणि पूर्वी अंडी काढून नेणाऱ्या गावानेच घरटी राखायला घेतली, हे तुम्ही त्याला टोपलीखालच्या पिल्लांकडे बघत सांगितले होते. समरलँडला तो शेजारच्या अनोळखी आजींना हीच गोष्ट इंग्रजीतून सांगत होता.

आणखी एकच किनारा सांगते. विल्सन्स प्रोमोंटरी या भूशिरावर स्क्वीकी बीच आहे. तेथली वाळू गारगोटीच्या गोल, स्वच्छ कणांची असल्यामुळे पाय घासून चालले की ती खरोखर चूं-चूं वाजते. आई, नव्या कोल्हापुरी चपलांचा आवाज तुला आवडतो, तसाच तो आहे. या भागातल्या समुद्रकाठी शी-ओक नावाची झाडे दिसतात. ती आपल्या सुरूच्याच कुळातली. वारा सुटला की दोघांचा आवाज एकच. पहिल्यांदा तो ऐकला तेव्हा यांना गाडी थांबवायला सांगून मी काही वेळ झाडाखाली उभी राहिले होते.

आता एक मागणी आहे. बाबा, तुम्ही चाळीस वर्षे पावसाची नोंद डायरीत लिहीत आला आहात. त्याच डायरीत रोज संध्याकाळी फिरायला जाल तेव्हा आपल्या वाटेच्या तोंडापासून ओढीचा पट्टा किती पावलांवर आणि कोणत्या बाजूला दिसतो, भरती आहे की ओहोटी, एवढे लिहून ठेवाल का? पावसाळ्यानंतर वाळू हलते, बांध बदलतात, म्हणून ऑक्टोबरातली नोंद विशेष महत्त्वाची आहे. आम्ही पुढच्या डिसेंबरात महिनाभर येणार आहोत. तेव्हा शाळेतल्या मुलांना पुळणीवर बोलवावे, तुम्ही पट्टा दाखवावा आणि धाकटीने काठीने रेघा काढून तो कसा होतो हे सांगावे, असे आम्ही दोघींनी ठरवले आहे. ती आतापासून मराठीत सराव करते आहे. ‘समांतर’ हा शब्द तिला अजून नीट म्हणता येत नाही.

आईने गुडघ्याचा व्यायाम चालू ठेवावा. तिला मी घोट्याएवढ्या पाण्यात तरी नेणारच आहे.

तुमची,
माई