नुसतं 'एसएस' नको, बिलावर ग्रेड लिहा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आमच्या रत्नागिरीत हल्ली प्रत्येक नवीन बिल्डिंगला स्टेनलेस स्टीलचं, म्हणजे 'एसएस'चं रेलिंग लावतात आणि एकदोन पावसाळ्यात त्यावर तपकिरी ठिपके दिसायला लागतात, विचारलं की फॅब्रिकेटर म्हणतो खारी हवा आहे, त्याला कोण काय करणार. हे अर्धंच खरं आहे.

स्टेनलेसमधलं क्रोमियम हवेतल्या ऑक्सिजनशी मिळून वर एक अतिशय पातळ थर तयार करतं, गंज अडवतो तो हा थर, खरचटला तरी आपोआप भरून येतो. पण मिठातलं क्लोराइड तो जागोजागी फोडतं आणि तिथे बारीक खड्डे पडतात. म्हणून किनाऱ्याला ३१६ ग्रेड वापरायचं असतं, त्यात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम हा धातू असतो, तो क्लोराइडपुढे टिकाव धरायला मदत करतो. ३०४ घरातल्या भांड्यांना उत्तम. आणि स्वस्तात पडतं म्हणून आपल्या माथी मारतात ते २०२, त्यात महागडं निकेल कमी करून मँगनीज घातलेलं असतं! नवीन असताना तिन्ही सारखीच चकचकीत, लोहचुंबक लावून बघा म्हणतात पण त्यानेही काही कळत नाही कारण साधारणपणे तिन्हीला तो चिकटतच नाही.

कामातही हयगय होते. वेल्डिंगच्या जोडाजवळ नीट बघा, निळसर काळा डाग तसाच ठेवलेला असतो, तो पिकलिंग पेस्टने (डाग काढायचा ॲसिडचा लेप) किंवा नीट घासून काढायलाच हवा कारण गंज तिथूनच सुरू होतो. शिवाय ज्या चाकाने साधं लोखंड घासलं तेच चाक स्टेनलेसवर फिरवतात, लोखंडाचे कण त्यात रुततात आणि पहिल्या पावसात लाल होतात.

बसवल्यावर आपणही काळजी घ्यायला हवी, अधूनमधून गोड्या पाण्याने धुऊन पुसून काढायचं, लोखंडी तारेची घासणी लावायची नाही, आणि फरशी धुताना ॲसिड किंवा ब्लीचिंग उडालं तर लगेच भरपूर पाणी ओतायचं.

३१६ महाग आहे हे मान्य, पण गिऱ्हाईक पैसे मोजतं तेव्हा त्याला काय मिळतंय हे कळायला नको का? कोटेशनवर आणि बिलावर ग्रेडचा आकडा लिहायलाच हवा, सरकारी कामाच्या टेंडरमधेसुद्धा. किनारपट्टीवरच्या सोसायट्यांनी तो आकडा लिहून घेतल्याशिवाय ॲडव्हान्स देऊच नये.

– एक वाचक, रत्नागिरी