महिला व बालकल्याण मंत्र्यांना खुलं पत्र : शिबिर घेतलंत, पण पोरं कुणाकडे ठेवायची?

माननीय मंत्रीमहोदय,

सप्रेम नमस्कार. निवडणुकीआधी तुम्ही म्हणाला होतात, गरीब आयांसाठी समुपदेशक नेमू, वस्तीत पाळणाघर काढू. दोन्हीचा पत्ता नाही, आलं ते परवाचं 'तणावमुक्ती शिबिर'. मेसेजच्या खाली काय लिहिलेलं माहितीय? 'लहान मुलांना सोबत आणू नये.' वा साहेब! अहो, पोरांना ठेवायला कुणी असतं तर एवढं टेन्शन आलंच कशाला असतं?

तरी गेले, धाकटीला कडेवर घेऊन, दिवसाची मजुरी बुडवून. दारात अडवलं, मग मागे बसू दिलं. पाहुणे उशिरा, मग सत्कार, फोटो, आणि शेवटी एक मॅडम म्हणाल्या डोळे मिटा, दीर्घ श्वास घ्या. डोळे मिटले असते तर मी तिथंच झोपले असते हो, पोरगी रात्रभर उठते, सकाळी उशीर झाला की मुकादम बोलतो, भाडं थकलंय, नवऱ्याला काम कधी असतं कधी नसतं, त्याची चिडचिड माझ्यावर निघते आणि माझी पोरांवर, मग स्वतःचाच राग येतो. श्वास घेऊन भाडं फिटतं का?

हे माझं एकटीचं रडगाणं नाही. जागतिक आरोग्य संघटनाच सांगते, विकसनशील देशांत बाळंतपणानंतर जवळपास २० टक्के बायकांना मानसिक त्रास होतो, जास्त करून डिप्रेशन. आमच्यासारख्यांत आकडा याहून मोठाच असणार, खोटं वाटत असेल तर मोजून दाखवा.

आणि उपाय नाही म्हणू नका. त्रास ओळखायला दहा प्रश्नांची एडिनबरा प्रश्नावली १९८७ पासून आहे. रावळपिंडीजवळच्या खेड्यांत डिप्रेशन असलेल्या गरोदर बायकांकडे तिथल्याच आरोग्य सेविका ट्रेनिंग घेऊन घरी जाऊन बोलत राहिल्या. २००८ मध्ये निकाल छापून आला : बाळ सहा महिन्यांचं झालं तेव्हा त्यांच्यात डिप्रेशन २३ टक्के, नुसत्या साध्या भेटी मिळालेल्यांत ५३. ना हॉल, ना बॅनर.

पण तुमच्या यंत्रणेला आई दिसतच नाही. बाळाचं वजन लिहा, डोस लिहा, आईची फक्त सही घ्या. सेविकांनाही दोष देत नाही, त्यांच्याच डोक्यावर इतकी रजिस्टरं की त्यांना कोण विचारतंय. आणि बापांना का बोलावत नाही हो शिबिराला? तणाव फक्त बायकांनीच मुक्त करायचा का?

पाळणाघर कधी सुरू होणार, कामाच्या वेळेला जुळणारं, ते तारखेसकट कळवा. 'आपला अर्ज विचाराधीन आहे' हे पाठवू नका, ते माझ्याकडे आधीच आलंय.

दोन लेकरांची आई